गृहपाठ : रस्त्यावरची एक पाटी

मखमलाबाद नाक्याजवळच्या महापालिका शाळेत
रात्री साडेआठला आमचा वर्ग भरतो.
बाकं सहावीच्या पोरांची, गुडघे अडकतात सगळ्यांचे,
म्हणून मथी भोये फरशीवरच बसते
चपला भिंतीला टेकवून.

मी सांगितलं होतं, रस्त्यावरची एक पाटी वाचा,
असेल तशी वहीत उतरवून आणा.

सुदाम दोंदेनं आणलं : येथे लघवी करू नये.
सगळे हसले.
मथीनं आणलं : निर्यातीची द्राक्षे, हात लावू नये.
दिवसाला आठ तास तीच द्राक्षं असतात तिच्या हातात.
'हात'चा काना मात्र तिनं सरळ काढला होता,
ओळंब्यात धरल्यासारखा.

मग मुमताज मन्यार उठली.
पन्नाशी उलटलेली, भद्रकालीत बांगड्या भरते.
अक्षराखालून बोट सरकवत, हळूहळू —
खो-ली भा-ड्या-ने दे-णे आ-हे.
फ...
अडली. जोडाक्षर. मी म्हटलं, क ला त.
फक्त. फक्त हिं-दू शा-का-हा-री कु-टुं-बा-स.

'बरोबर वाचलं ना, बाई?'
'बरोबर,' म्हणाले मी,
आणि शाबासकी द्यायला उचललेला हात
खडू शोधायला वळवला.

'चार वर्षं जाते त्या गल्लीतून,' ती म्हणाली,
'पाटीवर सूर्यफूल रंगवलंय मोठं.
मला वाटायचं, तेलाचा घाणा असेल.'

सुदाम म्हणाला, 'आमच्यासाठी लिहीत नाहीत, मावशी.
आडनाव विचारतात.
मग खोली कालच गेलेली असते.
नाशकातली प्रत्येक खोली कालच जाते.'
मथी खालूनच बोलली,
'मला तर आडनावबी नाय विचारीत.
तोंड उघडलं का म्हणत्यात, डांगाणी आली.'

'घर ज्याचं, मर्जी त्याची,' सिंधूताई लोणारी फणकारल्या,
'वास बसतो भिंतीत.'
दर बुधवारी त्या बोंबील भाजतात,
अख्ख्या आळीला ठाऊक आहे.
त्या दिवशी कुणी काढलं नाही ते.

मी फळ्यावर लिहिलं : भेदभाव.
मागून कुणीतरी विचारलं, परीक्षेला आहे का?

आणि अगदी शेवटच्या बाकावरून निवृत्ती चव्हाणके,
जे तीन महिन्यांत 'हजर'पलीकडे बोललेले नाहीत :
'सूर्यफुलाच्या शेजारी हापसा आहे का?'
'आहे.'
'बंद पडलेला?'
'हो.'
'मग ती पाटी माझी.'

पंखा खडखडत राहिला.
'पेंटरनं लिहिली. म्हणाला, सगळे असंच लिहितात.
मला कुठं वाचता येत होतं?
मी फूल बघून पैसे दिले.
आणि खोटं कशाला बोलू,
बारा वर्षांत दुसरं कुणी दारात आलंच नाही.
मी चारचौघांत सांगायचो, आपण कुणाला नाही म्हटलेलं नाही.'

मुमताजनं वही मिटली.
'ज्यांना वाचता येत होतं, ते आले नाहीत, दादा.'

रागानं नाही म्हणाली.
बांगडी पिचली की गिऱ्हाइकाला सांगतात
तितक्या सावकाश.

निवृत्तींनी टोपी काढली, पुन्हा घातली.
'मंडळींना विचारतो,' म्हणाले.
यापुढे काहीच म्हणाले नाहीत.

साडेनऊ झाले. बाकं सरकली.
दाराशी मुमताज थांबली :
'बाई, तुम्ही नाही आणली एखादी पाटी?'

मी हसले. तसं हसता येतं शिकलेल्यांना.

गंगापूर रोडला आमच्या सोसायटीच्या जिन्यात
काचेआड एक ठराव लावलाय, भाडेकरूंविषयी.
मसुदा सह्यांसाठी फिरत फिरत
माझ्याकडे आला होता, दोन वर्षांपूर्वी, रविवारी.
मी तो चष्मा लावून नीट वाचला.
'कुटुंब'मधला टु दीर्घ पडला होता.
तो मी ऱ्हस्व केला
आणि खाली सही केली.